चांदीच्या क्षाराने राखलेले माग

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे दातांचे डॉक्टर गुरुबसप्पा हिरेमठ, पाळी संपवून तसेच धावत आलेले माझे गिरणीतले बंधू आणि मागे बसलेल्या भगिनींनो,

बारा वर्षं सोलापुरात दवाखाना चालवून डॉक्टर उद्या अक्कलकोटला आपल्या घरी निघालेत. त्यांच्या विद्वत्तेवर बोलायला इथे मोठी माणसं आहेत. मी रेवणप्पा, साळखात्यात चार माग चालवणारा. मी बोलणार माझ्या दातांवर. हसू नका अध्यक्षमहाराज, फार वेळ घेणार नाही.

मागावर सुताची कांडी संपली की काय करावं लागतं, पाहुण्यांना ठाऊक आहे का? उभ्या धाग्यांतून आडव्या धावणाऱ्या धोट्यात नवी कांडी घालायची, त्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि श्वासाबरोबर सूत बाहेर ओढायचं. दिवसातून शेकडो वेळा! तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत तो श्वास दातांना लागला की माझ्या मस्तकात कळ जायची. धोटा तोंडाशी नेऊन मी थांबायचो आणि माग उभा राहायचा. जॉबरनं, म्हणजे आमच्या मुकादमानं, बजावलं, "गड्ड्याची जत्रा संपस्तवर बघतो. मग तुजे माग दुसऱ्याला." बाजारातला दात उपटणारा तर पुढचे सहाही दात काढायला पकड घेऊन तयारच होता.

मी या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, "दात कशानं घासतोस?"

मी ऐटीत म्हटलं, "विटंच्या भुकटीनं. दुखाय लागल्यापासनं दिवसातनं दोन डाव, लई जोर लावून."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. विटेनं दात झिजले होते, हिरड्या मागे सरून मुळं उघडी पडली होती. त्यांनी धुऊन वस्त्रगाळ केलेली खडूची पूड दिली, मुळांवर चांदीचा क्षार लावला आणि म्हणाले, "काळे डाग पडतील. खरवडायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी कळ निम्मी झाली, पण दात कोळशासारखे! साळखात्यात एकच हशा, "रेवणप्पानं बायकांचं काळं दातवण लावलंय की!" आता पुरुषमाणसानं करावं काय? मी घरी गेलो आणि वीट कुटली. डाग गेले, कळ दुपटीनं परत आली. माझी बायको सुंदरम्मा, ती बघा तिथे तोंडाला पदर लावून बसलीय, तेव्हा मात्र हसली नव्हती. म्हणाली, "लगीन झाल्यापासनं सोळा वर्सं मी काळे दात मिरवतीया. तुमाला एक दिस जड झाला व्हय? लाज मोटी का माग मोटा?"

मंडळी, मी शरमलो. खाली मान घालून दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वीट?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा तीनदा क्षार लावला. आणि जत्रा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, जॉबर शेजारी उभा असताना मी एका दमात सूत ओढलं. चारी माग चालू! जिंकलो, मंडळी, जिंकलो! माझ्या काळ्या दातांना हसणारे अकरा जण पुढे एकेक करून त्याच दवाखान्याची पायरी चढले. आज ते सगळे इथे बसलेत, काळे दात दाखवत.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर मागवाल्याचं बोलणं म्हणून पोटात घाला. डॉक्टर, माझ्याच मागावर विणलेलं हे उपरणं आता आपल्या खांद्यावर येईल. त्यात मात्र चूक शोधून दाखवा. त्याच्या प्रत्येक कांडीचं सूत याच दातांमधून ओढलंय.