बायकोची शिष्यवृत्ती

…आणि वर लोक येऊन हात दाबतात माझा, अभिनंदन म्हणतात. अहो, कसलं अभिनंदन? शिष्यवृत्ती मिळाली आमच्या हिला, आणि हात माझा का दाबता? मी जळत नाही हं, तुम्हाला नुसतं सांगतोय.

तेवीस वर्षं झाली मला कारखान्यात. टूल स्टोअरला. म्हणजे एक खिडकी, आत मी, बाहेर कारागीर. त्याने पितळी टोकन ठेवायचं, मी ड्रिल द्यायचं. कुठलं ड्रिल कुठल्या खणात, झोपेतून उठवून विचारा. पण मशीनला हात? नाव नको. अठराव्या वर्षी परीक्षा दिली होती, लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा. आणला. मास्तरांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरला, तर फटीतून समोरची अख्खी भिंत दिसली. म्हणाले, "बाळ, तू स्टोअरला बस." बसलो, तो बसलोच.

तर यंदा कारखान्याने शिष्यवृत्ती काढली. इथल्याच लोकांसाठी, ज्यांना कारखान्यातलं काम शिकायचंय त्यांच्यासाठी. वर्षभर शिकवणार, फी कारखाना भरणार. फॉर्म घरी कोणी आणला? मीच. लेकीसाठी. लेक म्हणाली, "बाबा, मला नर्स व्हायचंय," आणि फॉर्म पडला शिलाई मशीनवर. ही शाळेचे गणवेश शिवते, शिवता शिवता वाचायला लागली. "अहो, यात वयाची अटच नाहीये." मी म्हटलं, "मग भर की." आता हे चेष्टेने म्हटलं होतं हो… पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही स्वतः उचलून, नेम धरून.

भरला तिने. मग रोज एकच, "अहो, कानस कशी धरायची?" आता मला काय माहीत? म्हटलं, "ते असं सांगून येत नसतं." गेली शेजारच्या सुताराकडे, आली शिकून. आणि परीक्षेला तोच तुकडा, तोच गुण्या, मास्तर तेवढे नवे. मी खिडकीतून मान वाकडी करून बघतोय… सतरा-अठराची पोरं घामाघूम, आणि ही आपली बाही बेतावी तशी शांत. मास्तरांनी तुकडा उजेडाकडे धरला. फिरवला. परत फिरवला. उजेड नाही. चारही बाजूंनी नाही. माझ्याकडे येऊन म्हणतात, "काय हात आहे हो मिसेसचा. तुम्ही शिकवलंत वाटतं?" मी नुसता हसलो. खोटं बोललो नाही, खरंही बोललो नाही. त्या दिवशी डबा तसाच परत नेला. मी जळत नाही हं, नुसतं सांगतोय.

साठ अर्ज, निवडले सहा, ही दुसरी. फोटो लागला नोटीस बोर्डावर, आणि बोर्ड कुठे? माझ्या खिडकीच्या बरोब्बर समोर. आठ तास ती माझ्याकडे रोखून बघते. घरी काय कमी बघते?

काल तिचा मशीनवरचा पहिला दिवस. निळा युनिफॉर्म, घरीच मापात करून घेतलेला, सगळ्यांत नीट हिलाच बसलेला. आली खिडकीशी, टोकन ठेवलं. मला वाटलं, आता लाजेल, हळूच 'अहो' म्हणेल. ही म्हणते, "भाऊ, बारा एमएमचं ड्रिल द्या."

भाऊ. एकोणीस वर्षांचा संसार, आणि भाऊ!

संध्याकाळी विचारलं, तर म्हणे, "अहो, तिथे सगळे तुम्हाला भाऊच म्हणतात. मी एकटीनेच अहो म्हटलं तर पोरं हसतील." आणि बोलता बोलता आपल्याच हाताचा वास घेत होती. मशीनच्या तेलाचा. साबणाने धुतला तरी जात नाही म्हणाली, पण तक्रारीने नाही म्हणाली. तेवीस वर्षं मी त्या वासाच्या शेजारी बसलोय, माझ्या हाताला कधी लागला नाही… मी जळत नाही हं. बरं, जळतो थोडा.

आज पुन्हा आली, मोठं ड्रिल हवं म्हणून. मागे चार पोरं रांगेत. काय करता? ड्रिल पुसून दिलं, रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हटलं, "ताई, इथे सही करा."