निळ्या दारासमोरचा गाळा

नाही नाही, ताई, शेगडी धुरकटलीय म्हणून नाक मुरडू नका — बंद पडलेल्या खानावळीतून उचललीय, पण हे बघा, पेटली की नाही भसकन? आपला धंदाच तो. एकाची चूल विझली की दुसऱ्याची पेटवून द्यायची. तुम्हाला अर्ध्या किमतीत देतो. अट एकच — खानावळ काढायची ती वळणावरच्या निळ्या दाराच्या खानावळीसमोर. गाळा रिकामा आहे, मालकाशी मी बोलतो. तिच्या डाव्या-उजव्या हाताच्या दोन्ही खानावळी मीच उभ्या करून दिल्यात, पातेल्यांपासून बाकांपर्यंत, मातीमोलानं. समोरची बाजू तेवढी उरलीय.

कोणाची म्हणजे? माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची! वडिलांची खानावळ ती — बाजार मी करायचा, चुलीपाशी त्यानं उभं राहायचं. वडील गेले, आणि एका सकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन येतो तर मागच्या दाराला नवं कुलूप. आतून फोडणीचा चर्र आवाज, बाहेर मी हाका मारतोय, आणि साहेब आतूनच म्हणतात, ‘दादा, यापुढे बाजार माझा मी करीन.’ बस्स. पिशव्या पायरीवर ठेवल्या नि निघालो. तेव्हापासून बोलणं नाही.

तरी गप्प होतो हो इतकी वर्षं. त्या सिनेमानं घात केला. बायको ओढून घेऊन गेली — हसवणारा आहे म्हणे, स्वयंपाकाचा, घरच्यांनी मिळून बघायचा. जाऊन बसतो तर पुढच्याच रांगेत हा! केस विरळ झालेले, मान बारीक. बायको कोपरानं ढोसतेय, ‘बोला की.’ मी कसला बोलतोय! पण मध्यंतरात — हे बाहेर कुठं बोलू नका — दोन चहा आणले. बायको चहा पीत नाही.

आता खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात दिवे गेले. आणि पडद्यावर काय? धाकटा भाऊ थोरल्याला स्वयंपाकघराबाहेर काढून कुलूप लावतो! थोरला खिडकीतून चढतो आणि धपकन पिठाच्या परातीत. लोक हसून लोळतायत — आणि हा? ह्याचे खांदे गदागदा हलतायत! माझ्या कुलपावर हसतोय, माझ्या! दोन्ही चहा ओतले खुर्चीखाली. शेवटी पडद्यावरचा थोरला चमचाभर सूप पितो आणि धाकट्याला मिठी मारतो. एका चमच्यात! एवढी स्वस्त असते होय माफी? दुसऱ्याच दिवशी डावीकडच्याला बोलावून भट्टी दिली. आता गिऱ्हाईक त्याच्या दारावरून वास घेत पुढं जातं. तुम्ही समोर बसलात की संपला. त्याचं सामान उचलायला मी स्वतः जाणार आहे, टेम्पोत पुढं बसून.

काय म्हणालात?

त्याच्या हसण्याचा आवाज कसा येणार, अख्खं थिएटर हसत होतं. — तोंड? तोंड कुठून दिसणार, मी मागं बसलेला. खांदे दिसत होते. — हो, काढला होता की रुमाल. हसून हसून माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यात काय — पुसत होता बराच वेळ. दिवे लागले तरी...

शेगडी बंद करा ती.

नाही, विकायची नाहीये. पूर्ण किमतीलाही नाही. अहो, सांगितलं ना एकदा — निघा तुम्ही.