बाहुल्यांच्या पायरीवरची आगगाडी

“तुमच्या त्या डब्याचा कोपरा टोचतोय हो मला. पलीकडे धरा जरा.”

म्हैसूर स्टेशनच्या बाकावर नंजनगूडच्या गाडीची वाट बघणाऱ्या गोदावरीबाई मान वळवून हळूच म्हणाल्या. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या मांडीवर लाकडाचा, लालचुटूक, वीतभर रेल्वेचा डबा होता.

“रंग ओला आहे गं. बोटं उमटतील.”

“अय्यो, मग घरीच ठेवायचा! दसऱ्याला घरात पायऱ्या रचून बाहुल्या मांडतो, त्या पायरीवर ठेवायचा ना?”

“आधी आपल्या वनजाला दाखवतो. दार उघडतं, बघ. आत बाकं केलीत. खिडकीशी बसलं की खाली नदी.”

“नदी कसली, माझा आरसा तो!”

“आरसाच. काठानं नाचणी पेरायची, हिरवी झाली की शेत. वर काड्यांचा पूल. त्यावरून गाडी वनजा नेईल, तिच्या हातानं.”

“जावई वारल्यापासून तिनं बाहुल्यांना शिवायचं नाही म्हणतात सासरचे.”

“बाहुल्यांना. गाडीचं कुणी काही म्हटलेलं नाही.”

लांबून शिटी आली. गोदावरीबाई पिशवीत नसलेलं काहीतरी शोधू लागल्या.

“पण ती नंजनगूडला सासरी, अन् पूल आपल्या घरी. नेणार कशी?”

“डबा दाखवू. भेटू. संध्याकाळच्या गाडीनं परतू.”

“आपण दोघंच?”

नवऱ्यानं डब्याचं दार हलकेच लावून घेतलं.

“साकु!” कानडीतच त्यांच्या तोंडून निघालं. “पुरे झालं!” बाईंनी डबा उचलून आपल्या पदरात घेतला, लाल रंग लुगड्याला लागला, तरी त्यांनी पाहिलं नाही. “तिची सासू काय बोलायचं ते बोलू दे, मी ऐकून घेईन. पोरीला आज कायमचं घरी आणायचं.”