एंटरशिवाय वळणारा साप

प्रॅक्टिकलला मी कीबोर्ड मारून टाकला होता, हे सांगितलं का तुम्हाला?

सापाचा गेम केल्ता मी. बाण दाबला की एंटर न मारता साप वळायचा. जाफराबादला घरच्या विंडोजवर बराबर चालायचा. कॉलेजात लिनक्स, म्हणून त्याचा वेगळा कोड घातला. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांसमोर साप मस्त वळला, भिंतीला धडकला, गेम संपला.

सर म्हणाले, "परत चालवा."

मी टाइप करतेय, अन् टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक अक्षर उमटेना! "सर, कीबोर्ड मेला!"

लॅबच्या काकांनी दुसरा जोडला. तोही तसाच. काका म्हणाले, "पोरी, तू काय करून राह्यली?"

मी मनातल्या मनात नापास झाले.

सरांनी कीबोर्ड ओढला, काही दिसत नसताना 'रिसेट' टाइप केलं, एंटर मारला. अक्षरं उमटू लागली, माझ्या जिवात जीव आला.

"एंटरशिवाय बटण वाचायला तुम्हीच टर्मिनलला अक्षरं लपवायला सांगितलं. गेम संपल्यावर परत दाखवायला सांगितलंच नाही. मग माझं रिसेट त्याला कळलं कसं?"

"सर, ते... ऐकत होतं. फक्त बोलत नव्हतं."

"बरं. पुढच्याला पाठवा."

बाहेर मैत्रीण शीतल उभी. "तोंडी परीक्षा कशी झाली गं?"

"घेतलीच न्हाई. एवढंच विचारलं," म्हणून मी सगळं सांगितलं.

"येडे, मंग हीच तोंडी! अन् उत्तर बराबर दिलंस की!"