बेटाच्या फेरीला हरकत

"तुमच्या या बंदर ऑफिसनेच माझी वाट अडवलीय!" सत्तरीची बाई खिडकीवर कडाडली. मागे रांगेत उभ्या एका शिक्षिकेचं फॉर्म भरणं थांबलं.

"आई, हळू. लोक बघतायत," शेजारी उभा तिचा मुलगा पुटपुटला.

"बघू देत. शिडाच्या बोटीने अख्ख्या बेटाला वळसा घालायचाय. वर्षभर नकाशे पालथे घातले, वारा बघून एकोणीस मुक्काम ठरवले. आणि हे म्हणे, वय झालं!"

"आजी, आम्ही नाही म्हटलं तसं," कारकून म्हणाला. "घरूनच लेखी हरकत आलीय."

"घरून? घरात मी आणि हा, दोघंच."

"आई, पश्चिमेला नुसते खडक आहेत गं..."

"त्याच खडकांत तुला सुकाणू धरायला कोणी शिकवलं? खाली काय बघतोस? हरकतीवर सही तुझीच ना? बोल!"