तन्वीने विमानातून घोडे आणले

आमच्या मुलुंडच्या तन्वीचं ऐका. पायलट झाली आणि दोन नोकऱ्या एकदम चालून आल्या, एक प्रवासी विमानाची, दुसरी कार्गोची. हिने कार्गो घेतली, कारण तिथे मोठं विमान उडवायला मिळणार होतं.

तिची आई, म्हणजे आमच्या काकू, भडकल्या. "एवढं शिकून खोकी वाहणार? अगं, माणसं ने ना!"

"आई, मोठं विमान हातात येतंय. सोडू कशी?"

काकू तिच्याशी धड बोलेनात. परवा मी त्यांच्याकडे चहाला होतो, तेवढ्यात तन्वी ड्यूटीवरून आली. चेहरा दमलेला, पण खूश.

"आज शर्यतीचे घोडे होते रे विमानात. एक जरी बिथरला असता ना, तर वाट लागली असती. कॅप्टन म्हणाले, लँडिंग तू कर. इतकं अलगद उतरवलं, की घोडे सांभाळणारा विचारतो, मॅडम, पोचलो पण?"

काकूंनी कप खाली ठेवला. "घोडे बसलेले होते?"

"नाही गं, उभेच असतात."

"आणि एकही पडला नाही?"

"एकही नाही."

काकूंनी लगेच बहिणीला फोन लावला. "अगो, आमच्या तन्वीने उभे घोडे आणले विमानातून! माणसांना काय, पट्टे बांधून कोणीपण नेतं!"