विहीर हद्दीत घेतली तेव्हा

अरे, करमाडजवळच्या त्या कॉलेजात सखूबाईंनी मला कसं अडवलं ते सांगतो. दुष्काळाचं वर्ष होतं. नव्या इमारतीला हरित प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी कॅम्पसमधली कोणती जमीन त्या इमारतीची धरायची, ही हद्द मी आखत होतो. चुन्याच्या फक्कीची रेघ विहिरीपलीकडं गेली, तशा शेळ्यांना पाणी पाजायला आलेल्या सखूबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"सायेब, विहीर आत घेतली व्हय? आता भिंत घालनार तुमी. शेळ्या कुठं न्यायच्या?"

"भिंत नाही हो मावशी, ही रेघ नुसती नकाशासाठी. विहीर जपली, झाडं जपली की मार्क मिळतात."

त्यांना पटेना. मग मी प्राचार्यांना फोन लावला आणि स्पीकरवर त्यांच्याच तोंडून वदवलं, "पाणी कुणाचंच बंद होणार नाही."

सखूबाईंचा चेहरा एकदम खुलला. लगबगीनं जाऊन त्या एका कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. "मंग रेघ हिकडून घ्या! ह्यो लिंब मी हंड्यानं पाणी घालून जगवलाय."

मी हसत रेघ तिकडं वळवली. ती नीट न्याहाळून त्या म्हणाल्या, "एवढ्या मार्कात पोरं पास व्हतील ना समदी?"